गोंदण : आधीं काय पाहावें, मग काय जपावें

भिवंडींतील एखाद्या घरांत आजी, सून आणि नात अशा तीन पिढ्या एकत्र नांदत असल्या, म्हणजे गोंदणाचा इतिहास पाहण्यासाठीं पुस्तक उघडावें लागत नाहीं. आजीच्या कपाळावर हिरवट पडलेलें टिंब आणि हातावर तुळस असते. सुनेच्या मनगटावर जत्रेंत यंत्रानें काढलेलें नांव असतें. आणि नात 'टॅटू' काढूं द्या म्हणून हट्ट धरून बसलेली असते. आजीला वाटतें, नातीचें हें खूळ परदेशी आहे. नातीला वाटतें, आजीचें गोंदण म्हणजे जुन्या काळचा अडाणीपणा. वस्तुतः दोघींच्या बाबतींत क्रिया एकच आहे : सुईनें कातडी टोंचावयाची आणि त्या छिद्रांत रंग सोडावयाचा. म्हणून जो धोका एकीला होता, तोच दुसरीलाही आहे. फरक एवढाच कीं तो टाळण्याचे उपाय आज ठाऊक आहेत.

भिवंडीचा परिसर या बाबतींत मोठा संपन्न आहे. आसपासच्या खेड्यांतील आगरी, कोळी व कुणबी बायका, रानाकडील कातकरी, ठाकर आणि वारली, मागांवरील कामासाठीं उत्तरेकडून आलेल्या कुटुंबांतील 'गोदना' काढलेल्या स्त्रिया, या सर्वांच्या अंगावर आपापल्या चालीचीं चिन्हें दिसतात. मुसलमान घरांत कायमचें गोंदण निषिद्ध मानतात, तेथें मेंदी. सोनेंनाणें येथेंच राहतें, गोंदण तेवढें मेल्यावर बरोबर येतें, ही समजूत ज्या बायकांच्या वांट्याला सोनें फारसें आलें नाहीं त्यांनाच अधिक प्रिय असावी, हें सहज समजण्यासारखें आहे.

ही हौस एकट्या आपल्या देशाची नव्हे, आणि केवळ गरिबांचीही नव्हे. १९९१ सालीं आल्प्स पर्वताच्या बर्फांत एका पुरुषाचा देह सांपडला. तो सुमारें ५३०० वर्षांपूर्वींचा ठरला, आणि त्यावर काजळीनें काढलेलीं ६१ चिन्हें मोजण्यांत आलीं. ज्या पांचव्या जॉर्ज बादशहांनीं १९११ सालीं दिल्लीस दरबार भरविला, त्यांनीं राजपुत्र असतांना १८८१ सालीं जपानांत हातावर ड्रॅगन गोंदवून घेतला होता. जत्रेंत घूं घूं करणारें यंत्रही परदेशांतूनच आलें. कागदावर छिद्रें पाडून लिहिण्यासाठीं एडिसननें १८७६ सालीं विजेची लेखणी काढली, आणि तिच्याच तत्त्वावर न्यूयॉर्कच्या सॅम्युअल ओरायली यानें १८९१ सालीं गोंदण्याच्या यंत्राचें पेटंट घेतलें.

आतां गोंदण पुसलें कां जात नाहीं, हें पाहावयास हवें. कारण पुढील सर्व सावधगिरीचें मूळ त्यांत आहे. त्वचेचा सर्वांत वरचा थर, म्हणजे बाह्यत्वचा, सारखा झिजत असतो आणि सुमारें महिन्याभरांत नवा होतो. रंग तेवढ्याच थरांत राहिला असता तर मेंदीसारखा उडून गेला असता. गोंदणाची सुई त्याच्याहून खोल, एकदोन मिलिमीटर आंत जाते. तेथें अंतस्त्वचा आहे, तिच्यांत रक्तवाहिन्या आहेत, मज्जातंतु आहेत. शरीराच्या दृष्टीनें आंत आलेली काजळी ही घुसखोरच. तिला गिळून टाकण्यासाठीं रक्षक पेशी धांवतात. त्या काजळी गिळतात खऱ्या, परंतु त्यांना ती पचवितां येत नाहीं. पोटांत घेऊन त्या तेथेंच राहतात. अशी पेशी मेली कीं तिच्यांतील रंग शेजारची नवी पेशी उचलते. फ्रान्समधील मार्सेय येथील संशोधकांनीं २०१८ सालीं उंदरांवर प्रयोग करून ही देवघेव दाखवून दिली. पन्नास वर्षें टिकलेलें आजीचें टिंब हें असें हातोहात सांभाळलेलें असतें. मात्र सगळाच रंग जागेवर राहत नाहीं. त्याचे सूक्ष्म कण काखेंतील व जांघेंतील रसग्रंथींपर्यंत पोहोंचतात, असें २०१७ सालीं युरोपांतील शास्त्रज्ञांना आढळून आलें. तेव्हां गोंदण हें कातडीवरचें चित्र आहे असें समजणें चुकीचें आहे. तो शरीराच्या आंत कायमचा ठेवलेला पदार्थ आहे, आणि जी सुई तो आंत ठेवते ती रक्ताला शिवते.

गोंदणारीण दारीं येई तेव्हां ती दोनचार सुया दोऱ्यानें एकत्र बांधी, दिव्याची काजळी पाण्यांत किंवा दुधांत कालवी आणि ओळीनें पोरी बसवी. सुई तीच, वाटीही तीच. पहिल्या मुलीच्या रक्ताचा अंश दुसरीच्या अंगांत जाई, दुसरीचा तिसरीच्या. यावर वडीलधाऱ्या माणसांचें उत्तर ठरलेलें असतें : "आमच्या वेळीं कोणाला कांहीं झालें नाहीं." हें उत्तर प्रामाणिक आहे, पण तें तपासून पाहिलें पाहिजे. ब प्रकारच्या काविळीचा विषाणु अंगांत शिरल्यापासून रोग दिसूं लागेपर्यंत दीड ते सहा महिने जातात. चैत्रांत वज्रेश्वरीच्या जत्रेला गोंदवून घेतलें आणि श्रावणांत डोळे पिवळे झाले, तर घरांतलीं माणसें दोष देणार पावसाळ्यांतल्या पाण्याला. क प्रकारच्या काविळीचें तर याहून कठीण. ती वीस वीस वर्षें कसलेंही लक्षण न दाखवितां यकृत पोखरीत राहते. एचआयव्हीचा विषाणुही वर्षानुवर्षें गुप्त राहतो. इतक्या उशिरां येणाऱ्या रोगाचा संबंध एका दुपारच्या गोंदणाशीं कोण जोडणार? कोणाला कांहीं झालें नाहीं असें नव्हे. झालें तें सुईमुळें झालें हें कोणाला उमगलें नाहीं. ब प्रकारचा विषाणु शरीराबाहेर, वाळलेल्या रक्ताच्या डागांतसुद्धां निदान सात दिवस जिवंत राहतो. सुई फडक्यानें पुसली किंवा दिव्यावर धरली, एवढ्यावर विसंबणें योग्य नव्हे.

म्हणून गोंदवून घेण्यापूर्वीं दुकानांत पहिली गोष्ट पाहावयाची ती नक्षीची वही नव्हे. सुईचें पाकीट आपल्या डोळ्यांसमोर फोडलें जातें कीं नाहीं, तें पाहावें. पाकिटावर मुदत छापलेली असते, तीही वाचावी. सुई एका माणसाला वापरून टाकून द्यावयाची. जो दुकानदार ती 'धुऊन' पुन्हां वापरतो त्याच्याकडून उठून यावें. सुईपेक्षां रंगाच्या वाटीकडे लोकांचें दुर्लक्ष होतें, आणि चांगल्या दुकानांतही चूक बहुधा येथेंच होते. सुई नवी, पण ती बुडते आधींच्या गिऱ्हाइकाच्या उरलेल्या शाईंत! शाई प्रत्येकासाठीं नव्या छोट्या वाटींत काढलेली असावी व उरलेली फेंकून द्यावी. ती पातळ करावयाची तर निर्जंतुक पाण्यानें. नळाच्या पाण्यानें कदापि नव्हे. शाईच मुळांत दूषित असूं शकते, याचेंही उदाहरण आहे. अमेरिकेंतील रोचेस्टर येथें २०११ सालीं गोंदवून घेतलेल्या कांहीं जणांच्या अंगावर चिवट पुरळ उठलें, तेव्हां क्षयाच्या जंतूंच्या गोतावळ्यांतील एक जंतु कारखान्यांतून आलेल्या करड्या शाईंतच सांपडला. तेव्हां सीलबंद, नांवाची, तारखेची शाई मागण्यांत संकोच धरूं नये. हातमोजे नवे असावेत, आणि तेच हातमोजे घालून दुकानदार मोबाईल उचलूं लागला तर त्याला स्पष्ट सांगावें. ज्या जत्रेंत हात धुण्यास पाणी नाहीं, तेथें हें सर्व कसें व्हावें, हा प्रश्न ज्यानें त्यानें आपल्या मनाला विचारावा.

ब प्रकारच्या काविळीवर लस आहे. आजच्या बालकांना ती नेहमींच्या लसींबरोबर मिळते, परंतु तिशी-चाळिशींतल्या पुष्कळांनीं ती घेतलेली नसते. तिच्या तीन मात्रा सहा महिन्यांत पुऱ्या होतात. गोंदण सहा महिने थांबलें तर कांहीं बिघडत नाहीं. धनुर्वाताचें इंजेक्शनही वेळेवर घेतलेलें असावें. मधुमेह ताब्यांत नसलेल्यांनीं, रक्त पातळ करणारीं औषधें घेणाऱ्यांनीं आणि गरोदर स्त्रियांनीं या फंदांत पडूं नये, निदान डॉक्टरांना विचारल्यावांचून पडूं नये. कोड किंवा सोरायसिस असलेल्यांच्या अंगावर जेथें सुई टोंचावी तेथेंच नवा चट्टा उठण्याची भीति असते. जुन्या जखमेचा वण ज्यांचा फुगून गांठाळ होतो, त्यांनीं छाती आणि खांदा तरी वर्ज्य करावा. तिळावर गोंदवूं नये, कारण पुढें तो तीळ बदलला तर रंगाखालीं दिसत नाहीं. रंगांमध्यें तांबडा सर्वांत खोडकर. त्याची ॲलर्जी कित्येकदां वर्षांनंतर गांठीच्या रूपानें उमटते. आणि अजाण मुलीच्या कपाळावर, तिला कळण्यापूर्वींच, कायमची खूण उठविण्याची चाल कितीही जुनी असली तरी समर्थनीय नाहीं.

अक्षरें गोंदवावयाची असतील तर आणखी एक खबरदारी हवी. दुकानदार हा चित्रकार असतो, भाषापंडित नव्हे. 'आशीर्वाद' या शब्दांतील रफार भलत्याच अक्षरावर चढवून तो दंडावर कोरलेले तरुण दृष्टीस पडतात, आणि ज्या आईवडिलांचा आशीर्वाद त्यांना अभिप्रेत असतो तीं बिचारीं तेंच अशुद्ध जन्मभर वाचतात! मजकूर आधीं कागदावर लिहून जाणत्या माणसाकडून तपासून घ्यावा. मग ठशानें कातडीवर उमटवून आरशांत नव्हे, दुसऱ्याकडून वाचवून घ्यावा. पति किंवा प्रियकर यांच्या नांवांविषयीं येथें कांहीं बोलण्याची गरज नाहीं.

गोंदण झाल्यावर तें जखम आहे हें विसरूं नये. दुकानांत घातलेली पट्टी सांगितलेल्या वेळीं काढावी, हात साबणानें धुऊन मग गोंदण कोमट पाण्यानें व सौम्य साबणानें हलकेंच धुवावें, स्वच्छ कपड्यानें टिपून घ्यावें, चोळूं नये. वर मलम लावावयाचें तें अगदीं पातळ. हळद, शेण, राख, कालचें खोबरेल यांपैकीं कांहींही लावूं नये. पहिले दोनतीन दिवस तांबूसपणा, थोडी सूज आणि पाण्यासारखा स्राव असतो. पुढें खपली धरते आणि खाज सुटते. ती खपली नखानें काढली तर रंग निघतो आणि वण राहतो. खाजेवर खाजवणें हा उपाय नव्हे, एवढें लहान मुलालाही कळतें. पण येथें मोठीं माणसेंच फसतात. कपडे सैल व सुती असावेत. मागाच्या कारखान्यांत काम करणाऱ्यानें कापसाचा कोंडा व तेलाचे हात जखमेला लागूं देऊं नयेत.

भिवंडीकरांना एक गोष्ट मुद्दाम सांगितली पाहिजे. वज्रेश्वरी, अकलोली आणि गणेशपुरी येथील ऊन पाण्याचीं कुंडें जवळ आहेत, आणि देवदर्शनाला गेलेला माणूस कुंडांत उतरल्याशिवाय परतत नाहीं. त्वचेच्या विकारांवर त्या पाण्याचा लौकिक असल्यामुळें ताजें गोंदणही त्यांत बुडविण्याचा मोह होतो. असें करूं नये. कुंड, तलाव, नदी, पोहण्याचा हौद, यांतील अनेकांनीं वापरलेल्या पाण्यांत दोनतीन आठवडे, म्हणजे वरची कातडी पुरती जुळेपर्यंत, जखम भिजवूं नये. तितकेच दिवस कडक उन्हापासूनही ती झांकून ठेवावी.

तांबडेपणा दिवसेंदिवस पसरूं लागला, जागा गरम लागूं लागली, पू आला, ताप भरला, किंवा जखमेपासून वर जाणाऱ्या तांबड्या रेषा दिसल्या, तर दुकानदाराकडे न जातां डॉक्टरांकडे जावें. सुईविषयीं शंका राहिली असेल तर थांबूं नये. रक्त केव्हां आणि किती वेळां तपासावयाचें हें डॉक्टर सांगतात. क प्रकारच्या काविळीवर लस नाहीं, परंतु आतां ती साधारणपणें बारा आठवड्यांच्या गोळ्यांनीं बरी होते, म्हणून वेळीं कळण्यास महत्त्व आहे.

ज्यांना चार दिवसांची हौस आहे त्यांना मेंदी उत्तम, पण ती हिरव्या पाल्याची, तांबूस रंगणारी. लग्नसराईंत आणि ईदेला 'काळी मेंदी' म्हणून जी तासाभरांत कुळकुळीत रंगते, तिच्यांत पुष्कळदां केंसांच्या कलपांतील पॅरा-फेनिलीन-डायअमीन नांवाचें द्रव्य मिसळलेलें असतें. त्यानें फोड येतात, वण राहतात, आणि एकदां ॲलर्जी जडली कीं पुढें कलपही सोसत नाहीं.

गोंदणाचे कांहीं परिणाम दवाखान्याबाहेरचेही आहेत. भारतीय सैन्यांत जाऊं इच्छिणाऱ्याच्या अंगावर कायमचें गोंदण असेल तर तें हाताच्या आंतील बाजूस, कोपरापासून मनगटापर्यंत, किंवा तळहाताच्या पाठीवरच चालतें. परंपरेनें गोंदणाऱ्या आदिवासी जमातींचा विचार मात्र वेगळा केला जातो. दंडावरच्या वाघामुळें भरतीच्या रांगेंतून परत यावें लागलें, तर दोष नियमाचा नव्हे. रक्तदानालाही गोंदणानंतर बारा महिने थांबावें लागतें.

काढून टाकण्याचा विचार पुढें अनेकांच्या मनांत येतो. विशेषतः लहानपणीं कपाळावर गोंदलेल्या आणि आतां शहरांत नोकरी करणाऱ्या स्त्रियांच्या. त्यासाठीं ॲसिड, चुना किंवा तापलेली वस्तु लावण्याचे प्रकार घडतात. त्यांनीं गोंदण जातें आणि त्याहून वाईट डाग येतो. योग्य उपाय लेसरचा. त्याच्या अतिशय अल्पकाळ टिकणाऱ्या झोतानें रंगाचे कण फुटतात, आणि मग त्याच रक्षक पेशी ते बारीक कण हळूहळू वाहून नेतात. काळा रंग बराच जातो, हिरवा व पिवळा हट्टी असतात. खेपा अनेक लागतात, दोन खेपांमध्यें कांहीं आठवडे जावे लागतात, आणि खर्च गोंदण्याच्या कितीतरी पट होतो. आपल्या सांवळ्या कातडीवर लेसरची शक्ति बेतानें वापरावी लागते, नाहींतर गोंदणाच्या जागीं पांढरा ठिपका राहतो. म्हणून हें काम त्वचारोगतज्ज्ञाकडेच करून घ्यावें. ब्यूटी पार्लरमध्यें करूं नये.