'बनगरवाडी' आणि 'कोसला' : सलग वाचनानंतरची मते

व्यंकटेश माडगूळकरांची 'बनगरवाडी' (१९५५) आणि भालचंद्र नेमाडे यांची 'कोसला' (१९६३) या कादंबऱ्या पाठोपाठ वाचल्यास प्रथमपुरुषी निवेदनाची, म्हणजे पात्राने स्वतःच कथा सांगण्याच्या पद्धतीची, दोन टोके स्पष्ट दिसतात.

माणदेशातील धनगरवस्तीत आलेला तरुण शिक्षक राजाराम स्वतःविषयी मोजकेच बोलतो आणि कारभारी, मेंढरे, दुष्काळ यांनाच पुढे येऊ देतो; हा संयम मराठी गद्यात विरळा असून, वाडी ओस पडते तो शेवट त्यामुळेच मनाला फार लागतो.

पुण्यात शिकायला आलेला पांडुरंग सांगवीकर मात्र सतत स्वतःविषयीच बोलतो. वसतिगृहाचे प्रसंग काहीसे लांबले आहेत, तरी धाकट्या बहिणीच्या, मनीच्या, मृत्यूचा भाग अतुलनीय आहे.

नव्या वाचकाने 'बनगरवाडी' आधी घ्यावी. वेगळा क्रम सुचवणाऱ्यांनी कारणांसह अवश्य लिहावे.