‘सिटी ऑफ बनारस’

दुसऱ्या महायुद्धात जी असंख्य व्यापारी जहाजे समुद्राच्या तळाशी गेली, त्यांपैकी एकाने काशीनगरीचे नाव धारण केले होते. ‘सिटी ऑफ बनारस’ ही ११,०८१ टनांची आगबोट १९३६ साली ग्लासगो येथे बांधली गेली. एलरमन कंपनीच्या बोटींना शहरांची नावे देण्याची प्रथा होती. उतारू आणि माल घेऊन ही बोट इंग्लंड व हिंदुस्थान यांच्या दरम्यान ये-जा करी. तिच्यावरील अधिकारी ब्रिटिश असत. परंतु डेकवर, इंजिनघरात व भोजनगृहात राबणारे बहुतेक हात हिंदी खलाशांचे होते.

१९४० च्या उन्हाळ्यात जर्मन आक्रमणाच्या भीतीने ब्रिटिश सरकारने मुलांना समुद्रापार पाठविण्याची योजना आखली. या योजनेतील ९० मुले घेऊन ही बोट १३ सप्टेंबर रोजी लिव्हरपूलहून कॅनडाला निघाली. एकूण चारशेंवर माणसे तिच्यावर होती. १९ जहाजांच्या तांड्याचे नेतृत्व तिच्याकडे होते.

तांड्याने प्रवास करण्यात संरक्षण असे, तशी अडचणही असे. सर्वांत मंद जहाजाच्या चालीनेच सर्वांना चालावे लागे. शिवाय संरक्षक युद्धनौका थोड्या असल्यामुळे त्या ठराविक अंतरापर्यंतच सोबत करीत आणि मग दुसऱ्या तांड्याकडे वळत. १७ तारखेच्या पहाटेपूर्वी त्या परत फिरल्या. त्यानंतर तांडा पांगवावयाचा, असा संकेत होता. पण तो पांगविण्यात आला नाही. हवा वादळी होती. त्याच रात्री दहाच्या सुमारास हाइन्रिख ब्लाइक्रोट याच्या ‘यू-४८’ या जर्मन पाणबुडीचा पाणतीर बोटीला लागला आणि सुमारे अर्ध्या तासात बोट बुडाली.

खरा संहार त्यानंतर झाला. उसळत्या लाटांत सोडताना जीवनरक्षक होड्या कलंडल्या किंवा पाण्याने भरल्या. बाजूंच्या हवाबंद टाक्यांमुळे भरलेली होडी बुडत नसे. परंतु आतील माणसांना गोठविणाऱ्या पाण्यात बसून रात्र काढावी लागे. मुलांच्या अंगावर रात्रीचे कपडे होते, तर उष्ण कटिबंधातील खलाशांच्या अंगावर पातळ सुती वस्त्रे. अनेकांनी होडीतच प्राण सोडले. दुसऱ्या दिवशी दुपारी ‘हरिकेन’ ही विनाशिका आली आणि तिने शंभरावर माणसे उचलली.

एक होडी मात्र तिच्या नजरेतून सुटली. तीत मेरी कॉर्निश नावाची संगीतशिक्षिका, सहा मुले व इतर काही युरोपीय होते; पण बहुसंख्य होते हिंदी खलाशी. या होडीत वल्ह्यांऐवजी तरफा होत्या. त्या मागेपुढे ढकलल्या की होडीखालचा पंखा फिरे. बिस्किटे, डब्यातील मासे आणि घोटभर पाणी यांवर आठ दिवस निघाले. २५ सप्टेंबरला एका विमानाला ती होडी दिसली आणि ‘अँथनी’ विनाशिकेने तिच्यातील लोकांची सुटका केली.

९० मुलांपैकी ७७ मुले दगावली. इंग्लंड हळहळले आणि सरकारने ती योजनाच बंद केली. ते योग्यच होते. पण या दुर्घटनेत बळी गेलेल्या सुमारे २६० जणांत जहाजावर काम करणाऱ्यांची संख्या मुलांहूनही मोठी होती आणि त्यांत बहुतेक हिंदी होते. त्यांचा उल्लेख बहुधा ‘लस्कर’ या एका शब्दात उरकला गेला.

वास्तविक त्या काळी ब्रिटिश व्यापारी नौदलातील सुमारे चौथा हिस्सा खलाशी हिंदी होते. वेतन मात्र गोऱ्या खलाशाच्या तुलनेत कितीतरी कमी. १९३९ मध्ये युद्ध सुरू होताच अनेक बंदरांत त्यांनी वेतनवाढीसाठी काम नाकारले, तेव्हा काहींना तुरुंगही पाहावा लागला. अखेर वेतनात वाढ झाली, पण तफावत उरलीच. हे खलाशी कोकण, गोवा, पंजाब, सिल्हेट अशा प्रांतांतून येत. समुद्रात मेलेल्याची समाधी नसते. म्हणून युद्धात कामी आलेल्या सहा हजारांहून अधिक हिंदी व्यापारी खलाशांची नावे स्मृतिग्रंथात नोंदविण्यात आली. त्या ग्रंथाची एक प्रत मुंबईच्या खलाशीगृहात, तर दुसरी चितगावच्या युद्ध-दफनभूमीत ठेवण्यात आली. काशीचे नाव घेऊन निघालेल्या बोटीवरील माणसांना ना गंगाकाठ लाभला, ना गावची माती. त्यांच्या वाट्याला आली ती त्या ग्रंथातील एकेक ओळ.