धावती मोटार पेट का घेते?

एप्रिल-मे महिन्यातील दुपारची वेळ. पारा चाळिशीच्या पुढे गेलेला. छत्रपती संभाजीनगरच्या जालना रस्त्यावर सिग्नलपाशी थांबलेल्या एखाद्या मोटारीच्या बॉनेटमधून धूर निघू लागतो. चालक घाईघाईने गाडी कडेला घेतो, खाली उतरतो आणि काय झाले ते पाहण्यासाठी बॉनेट उघडतो. त्याच क्षणी भडका उडतो. अग्निशमन दलाचा बंब गर्दीतून वाट काढत येईपर्यंत गाडीचा सांगाडा उरलेला असतो. दुसऱ्या दिवशीच्या बातमीत कारण एका शब्दात दिले जाते : शॉर्टसर्किट.

हा शब्द इतका सवयीचा झाला आहे की त्यापुढे कोणी विचारत नाही. शॉर्टसर्किट कशामुळे झाले, फ्यूज का उडाला नाही, गाडीत नंतर काही बसवले होते काय, आदल्या आठवड्यात गाडी गॅरेजमध्ये कशासाठी गेली होती, हे प्रश्न तसेच राहतात. शेंद्रा आणि वाळूज या औद्योगिक वसाहतींमुळे वाहनउद्योगाचे केंद्र म्हणून ओळखल्या जाणाऱ्या शहरातही गाडी वापरणाऱ्यांना या प्रश्नांची उत्तरे ठाऊक असतातच असे नाही. वास्तविक मोटारीची आग क्वचितच आभाळातून पडते. बहुतेक वेळा तिची पूर्वसूचना मिळालेली असते. ती ओळखता येत नाही, एवढेच.

इंजिन बंद पडणे आणि आग लागणे

धावती गाडी अचानक बंद पडणे आणि गाडीने पेट घेणे या दोन वेगळ्या घटना आहेत. पण त्यांच्यामधील अंतर पुष्कळदा फार थोडे असते. इंधनपंप बंद पडला, एखादा सेन्सर निकामी झाला किंवा टायमिंग बेल्ट तुटला तर इंजिन थांबते. नुकसान मोठे होऊ शकते, पण आगीचा धोका सहसा नसतो. इंजिन अतितापल्यामुळे किंवा ऑइल संपल्यामुळे थांबले, तर मात्र गोष्ट निराळी असते.

इंजिनातील शीतक द्रवाचे तापमान साधारणतः ९० अंश सेल्सियसच्या आसपास राखले जाते. रेडिएटरला गळती लागली, पंखा फिरेनासा झाला किंवा थर्मोस्टॅट अडकला की हा तोल बिघडतो. कन्नडच्या घाटासारख्या चढणीवर भरलेली गाडी एअरकंडिशनर चालू ठेवून नेताना इंजिनावर भार अधिक आणि वारा कमी असतो. अशा वेळी तापमानाचा काटा वर चढू लागला तरी 'घाट संपला की थांबू' असे म्हणून गाडी दामटली जाते. पिस्टन आणि सिलिंडर यांच्यामधील ऑइलचा पातळ थर उष्णतेने नाहीसा होतो, धातूवर धातू घासू लागतो आणि इंजिन जाम होते. क्वचित प्रसंगी आतील कनेक्टिंग रॉड तुटून इंजिनाच्या कवचालाच भोक पाडतो. मग बाहेर फेकले गेलेले उकळते ऑइल शेजारच्या एक्झॉस्टच्या नळ्यांवर पडते. तेथे ठिणगीची गरज उरत नाही.

कारण या नळ्या आणि त्यांना जोडलेला कॅटॅलिटिक कन्व्हर्टर नेहमीच्या वापरातही कित्येकशे अंशांपर्यंत तापलेले असतात. पेट्रोल वा डिझेलची वाफ ठिणगीशिवाय आपोआप पेटण्यास दोनशे ते तीनशे अंशांच्या दरम्यानचे तापमान पुरते. म्हणजे पेटण्याजोगा पदार्थ आणि त्याला पेटवणारी उष्णता बॉनेटखाली एकमेकांपासून वीतभर अंतरावर नांदत असतात. त्यांना वेगळे ठेवण्याचे काम काही रबरी नळ्या, वायसर आणि क्लिपा करतात. उष्णतेने रबर कडक होते, त्याला भेगा पडतात. पेट्रोलची नळी ठिबकू लागते. गाडीत येणारा पेट्रोलचा वास ही म्हणूनच किरकोळ तक्रार नव्हे. तो आगीचा पहिला निरोप असतो.

फ्यूज काय पाहतो, काय पाहत नाही

दुसरे मोठे कारण विजेचे. तारेतून वाहणारा विद्युतप्रवाह वाढला की तयार होणारी उष्णता त्याच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. ५५ वॅटच्या हेडलाइटच्या जागी १०० वॅटचा दिवा बसवला तर प्रवाह जवळजवळ दुप्पट होतो, पण तारेतील उष्णता तिप्पटीहून अधिक होते. तार मात्र जुनीच असते. त्यावर मोठे स्पीकर, अधिकचे दिवे, कॅमेरा, निरनिराळे चार्जर यांची भर पडते. या जोडण्या अनेकदा मूळ वायरिंग कापून, उघड्या तारा पिळून आणि वर चिकटपट्टी गुंडाळून केलेल्या असतात.

फ्यूज आहे म्हणजे धोका नाही, ही समजूतही अर्धवट आहे. मर्यादेपेक्षा अधिक प्रवाह वाहिला की फ्यूज वितळतो. पण सैल जोडणीच्या ठिकाणी प्रवाह मर्यादेत असूनही एका बिंदूवर उष्णता साचत राहते. तेथील प्लास्टिक वितळते, ठिणग्या उडतात, आणि फ्यूज शाबूत राहतो. वारंवार उडणाऱ्या फ्यूजच्या जागी जास्त क्षमतेचा फ्यूज किंवा चक्क तांब्याची तार बसवणे म्हणजे तर पहारेकऱ्यालाच सुट्टी देणे. उभ्या गाडीत उबेला आलेले उंदीर वायरिंगचे आवरण कुरतडतात, हेही अनेक गाडीमालकांच्या अनुभवाचे आहे. आणि सर्व्हिसिंगनंतर इंजिनाजवळ विसरलेले तेलकट फडके एक्झॉस्टच्या नळीला टेकले, तर तेवढेही पुरेसे ठरते.

सीएनजी आणि बॅटरी

सीएनजीच्या टाकीत वायू सुमारे २०० बार दाबाखाली भरलेला असतो, म्हणजे वातावरणाच्या दाबाच्या जवळजवळ दोनशेपट. हा वायू हवेपेक्षा हलका असल्याने मोकळ्या जागी गळती झाली तर तो वर निघून जातो. उलट एलपीजी हवेपेक्षा जड असल्याने जमिनीलगत साचतो. म्हणूनच घरगुती सिलिंडरमधून गाडीत गॅस भरण्याचा चोरटा उद्योग विशेष घातक ठरतो. सीएनजीच्या टाकीची दर तीन वर्षांनी दाबचाचणी करून घेणे बंधनकारक आहे. अनधिकृत कीट आणि चाचणीची तारीख उलटलेली टाकी यांचा धोका केवळ त्या गाडीपुरता राहत नाही. पंपावर रांगेत उभ्या असलेल्या प्रत्येकाला तो असतो.

विजेवरील मोटारीत इंधन नसते, पण लिथियम-आयन बॅटरीचा एक घट बिघडून तापला की त्याची उष्णता शेजारच्या घटाला बिघडवते आणि ही साखळी थांबवणे कठीण होते. अशी आग विझल्यासारखी दिसूनही काही तासांनी पुन्हा भडकू शकते. ती शमवण्यासाठी भरपूर पाणी सतत मारून बॅटरी थंड करावी लागते. पेट्रोलच्या आगीत याच्या उलट. पेट्रोल पाण्यावर तरंगते. बादलीने फेकलेले पाणी आग विझवण्याऐवजी ती पसरवते.

जबाबदारी कोणाची?

प्रत्येक वेळी दोष चालकाचा किंवा गॅरेजचाच असतो असे नाही. २०१० हे वर्ष या दृष्टीने लक्षात राहण्याजोगे आहे. त्या वर्षाच्या फेब्रुवारीत मारुती सुझुकीने इंधनगळतीच्या शक्यतेमुळे सुमारे एक लाख ए-स्टार गाड्या दुरुस्तीसाठी परत बोलावल्या. मार्चमध्ये मुंबईत एका नव्याकोऱ्या नॅनोने शोरूममधून घरी नेली जात असतानाच पेट घेतला. आणखी काही घटनांनंतर टाटा मोटर्सने नोव्हेंबरमध्ये सत्तर हजारांहून अधिक नॅनो गाड्यांच्या एक्झॉस्ट आणि विद्युत यंत्रणेला जादा संरक्षण विनामूल्य बसवून देण्याचे ठरवले. गाडीच्या रचनेत दोष नसल्याची कंपनीची भूमिका होती आणि या मोहिमेला 'रिकॉल' म्हणण्यास तिने नकार दिला होता. त्या काळी गाडी परत बोलावण्याची सक्ती करणारा कायदा देशात नव्हता.

तो २०१९च्या मोटार वाहन कायदा दुरुस्तीने आला. कलम ११० अ अन्वये सदोष वाहने परत बोलावण्याचा आदेश देण्याचा अधिकार केंद्र सरकारला मिळाला आणि १ एप्रिल २०२१ पासून त्याचे नियम लागू झाले. सात वर्षांपर्यंतच्या वाहनांना ते लागू आहेत. ठराविक प्रमाणात तक्रारी आल्यास चौकशी होऊ शकते आणि कंपनीला दहा लाखांपासून एक कोटी रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. अर्थात तक्रारच नोंदवली गेली नाही, तर हे प्रमाण कधीच गाठले जाणार नाही. गाडी जळाली, विम्याचे पैसे मिळाले, प्रकरण संपले, असे झाले की त्याच बनावटीची दुसरी गाडी कुठेतरी तशीच धावत राहते.

विम्याच्या बाबतीतही एक भेद ध्यानात घ्यावा लागतो. सर्वसमावेशक पॉलिसीत आग आणि स्वयंज्वलन यांची भरपाई मिळते. इंजिनाच्या निव्वळ यांत्रिक वा विद्युत बिघाडाची मिळत नाही. केवळ तृतीय पक्षाचा विमा असेल तर स्वतःच्या जळालेल्या गाडीसाठी काहीच मिळत नाही. नोंदणी पुस्तकात न दाखवलेले गॅस कीट किंवा वायरिंगमधील फेरफार हे दावा नाकारण्याचे कारण ठरू शकते.

कारणाचा शोध घाईत घेऊ नये, याचा धडा पुण्यात मिळाला. १९ मार्च २०२५ रोजी हिंजवडीत कर्मचाऱ्यांना नेणारी मिनीबस पेटून चौघांचा मृत्यू झाला. प्रारंभी तो तांत्रिक बिघाड वाटला. दुसऱ्याच दिवशी पोलिसांनी, आग चालकानेच लावल्याचे तपासात दिसून आल्याचे सांगितले. 'शॉर्टसर्किट' या एका शब्दावर तपास थांबला असता तर ही बाब कधीच पुढे आली नसती.

बाहेर पडण्याची वाट

८ ऑक्टोबर २०२२ रोजी पहाटे नाशिक शहरात औरंगाबाद रस्त्यावर खासगी बस आणि मालवाहू वाहन यांच्या धडकेनंतर आग लागून बाराजणांचा मृत्यू झाला. १ जुलै २०२३ रोजी समृद्धी महामार्गावर बुलडाणा जिल्ह्यातील पिंपळखुट्याजवळ बस उलटून पेटली आणि पंचवीस प्रवासी दगावले. बस दाराच्या बाजूवरच आडवी झाल्याने ती वाट बंद झाली होती. वाचलेल्यांपैकी काहीजण काच फोडून बाहेर पडले. या आगी अपघातानंतरच्या होत्या. पण माणसे आगीइतकीच बाहेर पडण्याच्या वाटेअभावी मरतात, ही त्यांची शिकवण मोटारीलाही लागू पडते.

धावत्या गाडीचे इंजिन अचानक बंद पडले तर सर्वप्रथम घाबरून किल्ली काढून घेऊ नये. त्याने स्टिअरिंग कुलूपबंद होते. इंजिन थांबल्यावर स्टिअरिंग जड होते आणि ब्रेकला मिळणारी मदत दोन-तीन वेळा पेडल दाबण्यापुरतीच उरते. म्हणून धोक्याचे दिवे लावून, ब्रेक वारंवार न मारता एकदाच पण स्थिर दाबून गाडी डावीकडे घ्यावी. ऑइलचा लाल दिवा लागला किंवा तापमानाचा काटा लाल रेषेला गेला तर पुढच्या गॅरेजपर्यंतही जाऊ नये. तापलेल्या रेडिएटरचे झाकण उघडू नये.

धूर किंवा जळका वास आला तर गाडी वाळलेल्या गवतावर उभी करू नये. इंजिन बंद करावे आणि दारे व काचा ताबडतोब उघडाव्यात. वायरिंग जळाल्यावर विजेवरच्या काचा आणि कुलुपे दाद देतीलच असे नाही. आधी माणसे बाहेर, मग विचार. सामानासाठी परत फिरू नये. बॉनेट पूर्ण उघडू नये, कारण आत कोंडलेल्या आगीला हवा मिळताच ती उफाळते. जवळ कोरड्या पावडरीचे अग्निशामक नळकांडे असेल आणि आग लहान असेल, तरच बॉनेटच्या फटीतून त्याचा मारा करावा. अन्यथा पुरेसे दूर जाऊन १०१ किंवा ११२ क्रमांकावर कळवावे. दार अडकल्यास पुढची काच फोडण्यात वेळ दवडू नये. ती दुपदरी असते, फुटली तरी गळून पडत नाही. बाजूची काच कोपऱ्यावर टोकदार वस्तूने मारल्यास बहुतेक गाड्यांत सहज फुटते. त्यासाठीची लहान हातोडी डिकीत नव्हे, चालकाच्या हाताशी असायला हवी.

या साऱ्यासाठी लागणारा खर्च गाडीच्या किमतीच्या मानाने नगण्य आहे. ठिबकणारी नळी बदलणे, कंपनीच्या वायरिंगला हात न लावणे, टाकीची चाचणी वेळेवर करणे, चासी क्रमांक टाकून आपल्या गाडीचा रिकॉल निघाला आहे का ते पाहणे आणि घरातील प्रत्येकाला, मुलांनाही, आतून दार उघडायला शिकवणे, एवढेच करायचे असते. पेट्रोलचा वास आला त्या दिवशी गॅरेजमध्ये गेलेला अर्धा तास वाया गेला असे वाटते. तो वाया गेलेला नसतो.