नित्यनेमाचे श्रवण

खालापूर तालुक्यातील गावांमध्ये संध्याकाळचा हरिपाठ हा मुख्यतः उतारवयातील माणसांनी सांभाळलेला नेम आहे, आणि त्यामागे भक्तीइतकाच तालुक्याच्या दिनक्रमाचाही वाटा आहे. खोपोलीत 1915 मध्ये टाटांचे जलविद्युत केंद्र सुरू झाले आणि पुढे या पट्ट्यात कारखानदारी वाढली. त्यामुळे तरुण माणसे पाळीवर किंवा लोकलच्या प्रवासात असतात आणि दिवेलागणीला देवळात बसण्याइतकी उसंत ज्येष्ठांनाच मिळते. परंपरा मात्र कारखान्यांहून कितीतरी जुनी आहे. खोपोलीजवळच्या साजगावचा विठोबा आणि मिरचीच्या व्यापारासाठी घाट उतरून आलेले तुकोबा यांची आख्यायिका या भागात आजही सांगितली जाते. संगीत ऐकल्याने वृद्धांच्या प्रकृतीला लाभ होतो असे सर्रास म्हटले जाते. तो लाभ कोणता आणि कशामुळे, हे तपासायचे तर अर्ध्या-पाऊण तासाचा हा नेम जवळून पाहणे उपयुक्त ठरते.

आरंभी मृदंगाच्या डाव्या तोंडावर भिजवलेली कणीक थापून खर्ज जुळवला जातो, पेटीवर वयस्कर गळ्यांना झेपेल अशी खालची पट्टी धरली जाते आणि टाळकरी समोरासमोर दोन रांगा करतात. ज्यांचे गुडघे उभे राहू देत नाहीत, ते भिंतीला किंवा खांबाला टेकून बसतात. त्यांच्याकडे टाळ नसतो आणि पुष्कळदा आवाजही उरलेला नसतो, म्हणजे रूढ अर्थाने ते केवळ श्रोते असतात. तरीही त्यांची बोटे मांडीवर ठेका धरतात आणि पुढच्या चरणाचे शब्द गाणाऱ्याच्या आधी त्यांच्या ओठांवर येतात. परिचित संगीत ऐकताना मेंदू पुढच्या स्वराची आणि आघाताची वाट पाहतो, आणि या अपेक्षेत हालचालींचे नियंत्रण करणारी केंद्रेही सहभागी होतात. आवडते संगीत ऐकताना डोपामाइन हे सुखसंवेदनेशी निगडित रसायन मेंदूत स्रवते आणि त्यातला काही भाग अपेक्षित क्षण येण्यापूर्वीच स्रवतो, असे माँट्रियल येथील संशोधकांनी 2011 मध्ये दाखवले.

दुसरी क्रिया श्वासाची आहे. हरिपाठातील अभंगांची रचना प्रायः सहा, सहा, सहा व चार अक्षरांच्या चरणांची असून एकाने चरण म्हणायचा आणि इतरांनी तो उचलायचा, अशी पद्धत असते. त्यामुळे उच्छ्वास लांबतो आणि श्वास घेण्याची जागा ठरून जाते. इटलीतील लुचिआनो बेर्नार्दी यांच्या गटाने 2001 मध्ये जपमाळेवरील ख्रिस्ती प्रार्थना आणि योगमंत्र यांचा अभ्यास केला, तेव्हा दोन्हींच्या पठणात श्वसनाचा वेग मिनिटाला सुमारे सहापर्यंत उतरला आणि रक्तदाब बदलताच हृदयाची गती जुळवून घेणारी शरीराची स्वयंचलित यंत्रणा अधिक तत्पर झाली. ही मोजणी हरिपाठाची नव्हती. परंतु ठरावीक लांबीच्या ओळीने श्वासाला लय लावण्याचे तत्त्व दोहोंत समान आहे. जो ज्येष्ठ पुटपुटत साथ करतो, त्याला हा लाभ निव्वळ ऐकणाऱ्यापेक्षा अधिक मिळावा, असे यावरून म्हणता येते.

स्मरणाच्या बाबतीत निवडीला फार महत्त्व आहे. बालपणाच्या अखेरीपासून तिशीपर्यंत कानी पडलेले संगीत उतारवयात सर्वांत सहज आठवते. म्हणूनच 1 एप्रिल 1955 पासून आकाशवाणीच्या पुणे केंद्रावरून प्रसारित झालेल्या गीतरामायणाचे सूर आज ऐंशीच्या आसपास असलेल्या अनेकांच्या मनात पक्के आहेत. बिछान्याला खिळलेल्या माणसासाठी मोबाइलवर गाणी लावताना घरच्यांनी आपली आवड बाजूला ठेवून त्याच्या तारुण्यातील गाणी शोधावीत, ती याच कारणासाठी. फिनलंडमध्ये पक्षाघाताच्या रुग्णांनी दोन महिने रोज किमान तासभर स्वतः निवडलेले संगीत ऐकले, तेव्हा त्यांची शाब्दिक स्मृती आणि एकाग्रता इतर रुग्णांपेक्षा अधिक सुधारली, असे 2008 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात आढळले.

मात्र वाढते वय कानही बदलते. वार्धक्यजन्य श्रवणऱ्हासात प्रथम उंच पट्टीचे आवाज अंधुक होतात, आणि त्याच वेळी मोठा आवाज सहन करण्याची क्षमताही अनेकदा घटते. परिणामी हळू बोललेले कळत नाही आणि टाळांचा ठणठणाट कानाला बोचतो. कौलारू, बाजूंनी मोकळ्या देवळात हा नाद बाहेर विरत असे. स्लॅबच्या आणि लादी लावलेल्या सभामंडपात तो घुमत राहतो आणि त्यात ध्वनिक्षेपकाची भर पडली की शब्द हरवतात. टाळकऱ्यांपासून काही अंतरावर ज्येष्ठांची बैठक ठेवणे, जमिनीवर सतरंज्या अंथरणे आणि छोट्या मंडपात ध्वनिक्षेपक टाळणे, हे उपाय बिनखर्चाचे आहेत.

लाभाच्या मर्यादाही स्पष्ट आहेत. स्मृतिभ्रंश म्हणजे स्मृती, भाषा व निर्णयशक्ती क्रमाने क्षीण करणारी अवस्था. तिच्यावरील संगीतोपचारांच्या अभ्यासांचा कॉक्रेन या संस्थेने घेतलेला आढावा सांगतो की अशा उपचारांनी खिन्नता कमी होण्यास मदत होते, मात्र उपचार थांबल्यानंतर हा परिणाम टिकतो असे सिद्ध झालेले नाही. संगीत रक्तदाबाच्या गोळीची जागा घेत नाही, आणि महिन्यातून एखाद्या कार्यक्रमाने फारसे काही साधत नाही. ओळखीचे शब्द, ठरलेली वेळ आणि रोजची पुनरावृत्ती या तीन गोष्टी हरिपाठात आधीपासूनच एकत्र आहेत. म्हणून गुण एखाद्या विशिष्ट रागात शोधण्यापेक्षा नेमात शोधणे अधिक योग्य ठरते. टाळकरी कमी पडल्याने एखाद्या गावचा हरिपाठ बंद पडला, तर भिंतीला टेकून बसणाऱ्यांचे श्रवणही त्याच दिवशी थांबते. त्यामुळे पाळी संपवून आलेल्या मुला-नातवंडांनी आठवड्यातून एकदोनदा टाळ हाती घेणे, हे घरातील म्हाताऱ्या माणसांच्या आरोग्याचेच काम आहे.