झेब्रा, चिंकारा आणि एक फासा

हिवाळ्यात भिगवणला पुष्कळ लोक जातात, ते उजनी जलाशयावरील रोहित पक्षी पाहण्यासाठी. पण पाण्याकडे पाठ करून इंदापूर तालुक्यातील कडबनवाडीच्या माळाकडे वळले, तर निराळेच दृश्य दिसते. दोन-चार चिंकारा हरणे वाळक्या गवतात चरत असतात. मध्येच एखादे मान वर करते, पुढचा पाय जमिनीवर आपटते, शिंकल्यासारखा आवाज काढते आणि सारी धूम ठोकतात.

आफ्रिकेतील गवताळ प्रदेशात झेब्रेही असेच सावधपणे चरतात. एक नर, काही माद्या व पिल्ले असे त्यांचे कुटुंब असते आणि अनेक कुटुंबे मिळून मोठा कळप होतो. कळपाचा फायदा काय? एक फासा घेऊन पाहू.

समजा, प्रत्येक जनावर एकषष्ठांश वेळ मान वर करून पाहते, तेही इतरांकडे लक्ष न देता. फाशावर 1 पडला तर मान वर, नाहीतर खाली. एकट्या जनावराला दबकत येणारा शत्रू त्या क्षणी दिसण्याची शक्यता सुमारे 17 टक्के. तीन जनावरांसाठी तीन फासे टाका. एकावरही 1 न पडण्याची शक्यता 5/6 × 5/6 × 5/6, म्हणजे 58 टक्के. म्हणून कोणीतरी पाहत असण्याची 42 टक्के. दहा जनावरांत ती 84 टक्के होते! वर्गात शंभर वेळा फासे टाकून पडताळून पाहा.

मग चिंकारा मोठे कळप का करीत नाही? कोरड्या माळावर चारा विरळ. एका जागी दहा तोंडांना तो पुरत नाही. झेब्र्याला जवळजवळ रोज पाणी लागते. चिंकारा पाल्यातील ओलाव्यावर बरेच दिवस काढतो. झेब्र्याच्या पट्ट्यांमुळे चावऱ्या माश्यांना अंगावर नीट उतरता येत नाही, असे 2019 साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत दिसले. त्यांत घोड्यांवरही पट्ट्यांची झूल घातली होती. चिंकाऱ्याचा तांबूस रंग मात्र मातीत मिसळून जातो.

पण हे सारे गणित एका अटीवर उभे आहे. मान वर केली की दूरवर दिसले पाहिजे. माळ ‘पडीक’ समजून तेथे दाट झाडी लावली, तर चाराही जातो आणि नजरही अडते. चिंकाऱ्यासाठी बारामती तालुक्यात सुप्याजवळ 1997 साली मयूरेश्वर अभयारण्य झाले. त्याचे क्षेत्र जेमतेम 5 चौरस किलोमीटर आहे. बाकीचा माळ राखणे आपल्याच हाती आहे. तेव्हा वृक्षारोपणाला निघण्यापूर्वी विचारा, येथे आधी कोण चरत होते?