गीझर बिघडलाय की व्होल्टेज पडलंय?

शेजारच्या काकूंचा गीझर पाणी तापवायला फार वेळ घेत होता. "कॉइल गेली असेल, बघ रे जरा." मी मल्टिमीटर लावला. प्लगमध्ये व्होल्टेज होतं फक्त 180!

गीझरवर लिहिलंय 2000 वॅट, 230 व्होल्ट. वॅटला व्होल्टने भागलं की करंट मिळतो: साधारण 8.7 अँपिअर. म्हणूनच गीझरला 16 अँपिअरचाच सॉकेट हवा, 6 चा नको.

आता 230 ला 8.7 ने भागा. आला रोध, सुमारे 26.4 ओहम. मेन स्विच बंद करून कॉइल मोजली, आकडा तितकाच. म्हणजे कॉइल ठणठणीत!

मग पाणी का तापेना? रोध तोच राहतो, त्यामुळे व्होल्टेज घटलं की करंटही घटतो. 180 ला 26.4 ने भागलं तर 6.8 अँपिअर. 180 गुणिले 6.8, म्हणजे जेमतेम 1225 वॅट. व्होल्टेज पाव हिस्सासुद्धा कमी नाही, पण ताकद जवळजवळ 40 टक्के गेली! मला या गणिताचं आजही अप्रूप वाटतं.

पिवळ्या बल्बला मात्र हे लावू नका. 100 वॅटच्या बल्बचा रोध पेटल्यावर 529 ओहम असतो, थंड असताना 40 च्या आसपास.

तुमच्या इस्त्रीवरचे आकडे कमेंटमध्ये टाका, रोध काढून देतो.