काट्याची जबानी

जुन्या मोटारीतील वेगाचा काटा वस्तुतः वेग मोजीतच नाही. गिअरबॉक्समधून आलेली केबल किती फिरते एवढेच त्याला कळते, आणि चाकाचा घेर कारखान्यात ठरला तेवढाच आहे असे गृहीत धरून तो आपली जबानी देतो. म्हणूनच उल्हासनगरच्या कॅम्पातील एका मिस्त्रीकडे जुन्या मारुती 800 ची फिर्याद नेली, तेव्हा त्याने डॅशबोर्डाकडे ढुंकूनही न पाहता टायरवर खडूची रेघ ओढली. "साहेब, मीटरवर आळ घेऊ नका, आधी टायर बघू."

कसूर तेथे निघालीच. मूळच्या 145/70 ऐवजी पूर्वीच्या मालकाने 145/80 चे टायर चढविले होते; 12 इंची चाकावर या फरकाने घेर साडेपाच टक्क्यांहून किंचित अधिक वाढतो, म्हणजे काटा 60 म्हणे तेव्हा गाडी 63 च्या पुढे असे. झिजलेला टायर याच्या उलट वागतो, त्याने काटा फुशारक्या मारू लागतो.

तरीही मीटरची निर्दोष सुटका करण्याची घाई मिस्त्रीने केली नाही. अंबरनाथची वर्दळ जागी होण्यापूर्वी, काटई–बदलापूर पाइपलाइन रस्त्यावर गाडी एकसारख्या वेगाने हाकून, त्याने मोबाइलच्या जीपीएसशी वेग आणि अंतर हे दोन्ही आकडे ताडून पाहिले; कारण अंतराची चक्री दंतचक्रांनी फिरते, तर काटा मात्र फिरत्या चुंबकाने ॲल्युमिनियमच्या वाटीत उत्पन्न केलेल्या विद्युत्प्रवाहांच्या ओढीने, केसासारख्या स्प्रिंगशी झुंजत वर सरकतो. दोन्ही आकडे सारख्याच प्रमाणात चुकले तर दोष चाकाचा किंवा गिअरचा. काटा त्याहूनही मागे पडला तर चुंबक क्षीण झालेले असण्याचा संभव. येथे काटा मागेच पडत होता.

मग मीटर उघडले. केबलवाटे चढलेले ग्रीस आधी पुसले गेले (अति प्रेमाने घातलेले ग्रीस वाटीला चिकटून काटा अडखळतो), नंतर फेरे मोजता येणाऱ्या ड्रिलला मीटर जोडले. जपानी मानकानुसार केबलचे 637 फेरे म्हणजे एक किलोमीटर, अर्थात मिनिटाला 637 फेऱ्यांवर काट्याने 60 दाखवावेत. परंतु टायर बदलायचे नसल्याने मिस्त्रीने स्प्रिंगची पट्टी सरकवीत तो 64 वर आणला. काट्याने किंचित अधिक सांगितले तरी चालते, कमी सांगू नये, हाच आंतरराष्ट्रीय नियमाचाही दंडक आहे.

अंतराच्या चक्रीला मात्र अशी स्प्रिंग नाही. ती 100 किलोमीटर म्हणेल तेव्हा गाडी 105 हून अधिक चाललेली असेल, तेव्हा पेट्रोलचा हिशेब करताना मालकानेच ही तूट भरून घ्यावी.